लो-बजेट हॉरर कसा बघायचा आणि बघून झाल्यावर काय बोलायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, आपण नाशिकवाल्यांनी तरी लो-बजेट पिक्चरला नाक मुरडू नये. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून झालेल्या, सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि वर फिल्मला भोकं पाडायचं कामही त्याच करायच्या, तारामती करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवून उभं केलं. इंडी म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय, आपल्याच जोरावर केलेला पिक्चर, तर यापेक्षा इंडी अजून काय असतं? आणि आपली पब्लिक पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात फोटो काढून येते आणि रात्री घरी बसून म्हणते, काय फालतू व्हीएफएक्स आहे राव.

मी काही क्रिटिक वगैरे नाही. सिडकोत राहतो, अंबडला शिफ्टमध्ये काम करतो, सुट्टीच्या आदल्या रात्री भुताचे पिक्चर बघतो एवढंच. पण हे पिक्चर बघायची एक पद्धत असते आणि ती नसली की डोक्याला शॉट बसतो, म्हणून लिहितोय.

निवडताना रेटिंगवर जाऊ नका. हॉररला लोक मार्क देताना हात आखडतात, दहापैकी पाच-सहा असेल तर माझ्या हिशोबाने चांगलाच समजायचा, आणि जो पिक्चर कालच आलाय आणि सगळे दहापैकी दहा देतायत तिथे पिक्चर काढणाऱ्यांनी आपल्याच मित्रांना कामाला लावलं असणार असं धरून चालायचं. त्यापेक्षा वाईट मार्क देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. "काहीच होत नाही, नुसतं घर दाखवत बसलेत" असं कोणी चिडून लिहिलं असेल तर मी तो पिक्चर आवर्जून लावतो. "आवाज कळत नाही" असं तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर मात्र सोडून द्या.

कारण आवाज हीच खरी परीक्षा आहे. चित्र मोबाईलवर शूट केलेलं असलं तरी चालतं, डोळा पाच मिनिटात ॲडजस्ट होतो, पण डायलॉग रिकाम्या खोलीत घुमल्यासारखे यायला लागले की माणूस कथेतून बाहेर पडतो तो पडतोच. आणि भीतीचा निम्माअधिक माल आवाजातच असतो, म्हणून मोबाईलच्या स्पीकरवर बघून "भीती नाही वाटली" म्हणणाऱ्यांचं मत मी धरत नाही. साधे वायरवाले हेडफोन लावा, लाईट बंद करा, पंखा खडखड करत असेल तर तोही बंद, डिसेंबर-जानेवारीत नाशकात तसाही लागत नाही. मोबाईल उलटा ठेवा. एवढं केलं तरी तुमचं अर्धं मत बदलेल.

आता बघायचं काय? तर पैसे नव्हते तेव्हा दिग्दर्शकाने त्यावर तोड काय काढली, ते शोधायचं. पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी या पिक्चरचं उदाहरण घ्या, ओरेन पेलीने स्वतःच्याच घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट केला आणि पुढे त्याने जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर कमावले. त्यातली युक्ती बघा, कॅमेरा बेडरूममध्ये स्टँडवर ठेवलाय, हलतच नाही, जोडपं झोपलंय आणि बाजूला दरवाजा उघडा. कॅमेरा काही दाखवत नाही म्हणून आपणच फ्रेमचा कोपरा न कोपरा शोधत बसतो, दार हललं का, सावली होती का, म्हणजे भीती घालायचं काम फुकटात प्रेक्षकाकडूनच करून घेतलं. १९७८ च्या हॅलोवीन पिक्चरमध्ये खुन्याचा मुखवटा म्हणजे स्टार ट्रेक मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मास्क पांढरा रंगवलेला. गोष्ट ऑक्टोबरची आणि शूटिंग कॅलिफोर्नियात वसंतात, म्हणून पिवळी पानं रंगवून टाकायची, शॉट झाला की परत गोळा करायची आणि पुढच्या शॉटला तीच. हे कळल्यावर मला पिक्चर जास्तच आवडला.

आपल्याकडे हिंदीत भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंचं तेच. सात भाऊ, कोण डायरेक्शन, कोण कॅमेरा, कोण साउंड, कोण एडिटिंग, सगळं घरातल्या घरात. त्यांच्या भुतांच्या मेकअपला हसा खुशाल, मीही हसतो, पण धूर, लाल-निळा लाईट आणि करकरणारं दार एवढ्यावर १९८४ ला पुराना मंदिर हिट करून दाखवला हेही मान्य करा. मराठीत २०१७ चा लपाछपी बघा. त्यात महागडं काही नाही, आहे तो ऊस. निफाडकडे उसाच्या बांधावरून संध्याकाळी कधी चालला असाल तर वेगळं सांगायला नको, दोन सरींपलीकडचं दिसत नाही आणि पानं सारखी वाजत राहतात, तिथे सेट कशाला लावायचा? त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, २०२१ ला हिंदीत छोरी म्हणून परत केला. मला मराठीच जास्त लागला, पण दोन्ही बघून तुम्ही ठरवा.

एक फरक मात्र ओळखायला शिका, गरीब पिक्चर वेगळा आणि आळशी पिक्चर वेगळा. भूत दाखवायला पैसे नाहीत म्हणून फक्त ओला पाय दाखवला तर तो गरीब पण हुशार. दर पाच मिनिटांनी मांजर उडी मारते आणि ढॅण करून म्युझिक वाजतं, तो आळशी. दचकणं म्हणजे भीती नव्हे, दचकायला तर कुकरची शिट्टीपण पुरते. पिक्चर संपल्यावर तासाभराने काही आठवून अंगावर काटा आला तर त्याला मार्क द्या.

किती वेळ द्यायचा? माझा नियम वीस मिनिटं, तोपर्यंत एकपण गोष्ट पकडत नसेल तर बंद करा, कोणी बिल फाडणार नाहीये. अपवाद आहे, वन कट ऑफ द डेड नावाचा २०१७ चा जपानी पिक्चर, पहिली ३७ मिनिटं एकाच टेकमध्ये, म्हणजे मधे कट न करता, आहेत आणि ती बघताना वाटतं की ह्यांना काय येतच नाही, ॲक्टिंग भंगार, मधेच लोक उगाच थांबतात. बंद करू नका. पुढचं सांगत नाही, सांगितलं तर मजा जाईल.

भुतांशिवायच्या इंडी पिक्चरला वीस मिनिटांचा नियम लावू नका, तिथे गिअर बदलावा लागतो. चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट लावला आणि कॅमेरा लांब उभा राहून बघतच बसला की पब्लिक फॉरवर्ड करते. अहो तो लांब आहे कारण कोर्टात तारीख घ्यायला गेलेला माणूस असाच लांब बाकावर बसून राहतो. असे पिक्चर थिएटरला आले तरी आपल्याकडे एखादाच अडनिड्या वेळेचा शो मिळतो, पुढच्या आठवड्यात बघू म्हणालात तर गेला, त्यामुळे पहिल्या शनिवार-रविवारीच उरका.

सुरुवात फुकटात करायची असेल तर १९६८ चा नाइट ऑफ द लिव्हिंग डेड. पिक्चरचं नाव बदलताना प्रिंटवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, त्यामुळे अमेरिकेत तो सगळ्यांसाठी मोकळा झाला आणि नेटवर आरामात मिळतो. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलंय, कळतपण नाही.

आता मत द्यायचं कसं. "टाइमपास", "बकवास", "वन टाइम वॉच" याने समोरच्याला काय कळत नाही. कुठे भीती वाटली ते सांगा, कुठे मोबाईल उचलावासा वाटला ते सांगा. नाशकातली पोरं शॉर्ट फिल्म करून टाकतात तिथे तर मिनिटासकट लिहा, "सहाव्या मिनिटाला जिना दाखवला तिथे फाटली, पण शेवटी भुताने भाषण दिलं ते नको होतं", त्यांना पुढच्या फिल्मला ह्याचा उपयोग होतो, नुसत्या आगीच्या इमोजीचा होत नाही. नावडला तर नावडला म्हणा, गरिबीतून केलाय म्हणून खोटे मार्क देऊ नका. शेवट मात्र फोडू नका, कॉलेज रोडला चहा पिताना मोठ्याने तर अजिबात नाही, बाजूच्या टेबलवाल्याने बघितलेला नसतो.

आणि सोबत कोणाला घ्यायचं? दोन-तीन जण बस्स. "आता ती मागे वळणार बघ" म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला कॉमेडीच्या दिवशी बोलवा.