बॅग आली नाही तेव्हा काय केलं
कामासाठी पहिल्यांदाच एकटी परदेशी गेले आणि विमान बदलताना बॅग मागेच राहिली. पट्टा थांबला, सहप्रवासी पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मीटिंग!

लॅपटॉप आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत होती, त्यामुळे जीव भांड्यात होता. बाहेर न पडता आधी तिथलंच बॅगेज काउंटर गाठलं. एकदा बाहेर आलं की परत आत शिरणं जिकिरीचं. चेक-इनला मिळालेली छोटी चिठ्ठी तिथे लागते. तिच्यावरच्या दहा आकडी नंबरावरूनच बॅग शोधतात. त्यांनी तक्रार नोंदवून संदर्भ क्रमांक असलेला कागद दिला. याला पीआयआर (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) म्हणतात. तो हातात पडेपर्यंत हलायचं नाही, मग समोरचा कितीही ‘नंतर ऑनलाइन करा’ म्हणो. हॉटेलच्या पत्त्यासोबत मी तिथून निघायची तारीखही लिहायला लावली, नाहीतर बॅग एकीकडे नि आपण भलतीकडे.

मग शर्ट, टूथब्रश, चार्जर एवढंच घेतलं आणि पावत्यांचे लगेच फोटो काढले. 1999 च्या मॉन्ट्रियल कराराखालच्या (हा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा करार) प्रवासात उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती ताब्यात आल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. पीआयआर केला म्हणजे झालं, असं नाही, दावा वेगळा. चॅटबॉटच्या नादी न लागता पावत्या जोडून सरळ विमान कंपनीला ईमेल केला.

शर्टाचे पैसे आले. चार्जरसाठी मात्र फार खळखळ केली त्यांनी.