गाणं हलवायचं नाही, चित्र हलवायचं: कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओचं एडिटिंग

एडिटला बसण्याआधी गाण्याचं शेवटचं मिक्स वेव्ह (.wav) फाइलमध्ये हातात हवं, ४८ किलोहर्ट्झचं. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल नको. संगीतकार 'थोडासा बदल आहे, उद्या देतो' म्हणत असेल तर उद्याच बसा. मुखड्याआधीचा म्युझिक पीस दोन सेकंदांनी वाढला की पुढचे सगळे कट चुकतात.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती या कामाला पुरते. क्लिप आत घेण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं), ते ठरवा, नंतर तो बदलता येत नाही. आपल्याकडे साधारण २५ ठेवतात, पण सगळं शूट फोनवर ३० ने झालं असेल तर ३० च ठेवा. २५ मध्ये दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा पॅन झाला की चित्र झटके देतं.

फोनची खरी खोड वेगळीच. त्याचा फ्रेमरेट मध्येच कमीजास्त होतो, म्हणून मुखड्याला जुळलेले ओठ अंतऱ्यापर्यंत सुटतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून प्रत्येक क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'ने काढून घ्या, मग टाइमलाइनवर आणा.

आता सिंक, म्हणजे ओठ नि गाणं जुळवणं. गाण्याचा ट्रॅक लॉक करा आणि टेक (एकेका वेळचं शूट) त्याच्याखाली जुळवत जा. रिझॉल्व्ह वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पाहून आपोआप जुळवतं, पण बँडस्टँडवर लाटा नि वारा किंवा रस्त्यावर हॉर्न असतील तर कॅमेऱ्याच्या माइकला गाणं धड ऐकूच आलेलं नसतं. तिथे हातानेच जुळवावं लागतं, आणि त्याला सोपी खूण म्हणजे प, फ, ब, भ, म. ही अक्षरं म्हणताना ओठ मिटतात. ओळीतला एखादा 'म' शोधा, ओठ मिटलेली फ्रेम त्याच्यावर बसवा, मग ओळीच्या शेवटाचं दुसरं अक्षर तपासा. पहिलं जुळलं आणि दुसरं सुटलं, तर फ्रेमरेटचा घोटाळा आहे. क्लिप सरकवून तो सुटणार नाही.

शूटला गाणं वाजवणारा स्पीकर कॅमेऱ्यापासून १४ मीटर लांब असेल तर माइकपर्यंत आवाज २५ च्या हिशेबात एक फ्रेम उशिरा पोचतो. म्हणून शेवटचा निवाडा ओठांचा, वेव्हफॉर्मचा नाही.

एका ठोक्याला किती फ्रेम, हे १५०० भागिले बीपीएम (मिनिटाला किती ठोके) केलं की कळतं (२५ फ्रेमसाठी). १०० बीपीएमला १५, पण १२० ला साडेबारा! म्हणजे एकाआड एक ठोका दोन फ्रेमच्या मध्ये पडतो. त्यामुळे ठरावीक अंतराने कट चिकटवत जाऊ नका, गाणं चालू ठेवून कीबोर्डवरचं एम दाबत कानाने मार्कर (खुणा) टाका. कट ठोक्याच्या एखादी फ्रेम आधी ठेवून पाहा, बहुतेकदा तोच नेमका वाटतो. केरवा तालाच्या आठही मात्रांवर कट मारले की तिसऱ्या ओळीला डोळे शिणतात. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कापा, नाहीतर मान वळते, हात उठतो तिथे कापा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळलेले हवे असतील तर ते शूटलाच ठरवायचं असतं: गाणं दुप्पट वेगाने वाजवून ५० फ्रेमने शूट, मग २५ ने चालवायचं. तसं केलं नसेल तर स्लोला पाठमोरे नि हातांचे शॉट घ्या.

वरळी सी फेसवर पाच आणि साडेसहाच्या टेकचे रंग वेगळे दिसणारच. एका चांगल्या टेकची स्टिल (एक स्थिर फ्रेम) समोर ठेवून बाकीचे तिच्याशी जुळवा. ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंद सोडून १/६० ठेवला असेल तर चित्रात काळे पट्टे सरकतात. ते घालवायचा डीफ्लिकर हा इफेक्ट रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नाही. त्या टेकचा कमीत कमी भाग वापरा.

श्रेयनामावलीला मुक्ता किंवा बालूसारखा युनिकोड फॉन्ट घ्या. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत आणि फुकट मिळतात. आधी 'दिग्दर्शक' टाइप करून पाहा: वेलांटी, जोडाक्षर, रफार, तिघांची परीक्षा एकाच शब्दात होते. अक्षरं फुटली तर तेवढी पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी आणा.

यूट्यूबसाठी फाइल काढताना १०८०पी आकार, एच.२६४ फॉरमॅट, १६ एमबीपीएस बिटरेट भरपूर झाले. लिप-सिंक (ओठांची जुळणी) मात्र वायरच्या इयरफोनवर तपासा, ब्लूटूथवर आवाज मागे पडू शकतो. लोकलमध्ये पाहून कुणी 'ओठ जुळत नाहीत' असं कळवलं, तर टाइमलाइन उघडण्याआधी त्याच्या कानात काय आहे ते विचारा.