जर्मनीत ‘बिनफी’ इंग्रजी मास्टर्स निवडताना या चुका टाळा

युरोपात इंग्रजीतून स्वस्तात शिकायचं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मुलांच्या यादीत जर्मनी वर असतं, आणि ते योग्यच आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला ट्यूशन फी नाही. सेमिस्टरला साधारण १०० ते ३५० युरो वर्गणी भरायची, त्यात अनेक ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. पण ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कोर्सच्या अधिकृत पानावर प्रवेशाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथपर्यंत फार कमी जण पोचतात.

जुन्या याद्यांवर विसंबणं

‘फी नसलेले देश’ अशा याद्या वर्षानुवर्षं फिरत राहतात. त्यात नॉर्वे अजूनही दिसतो. पण नॉर्वेने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ च्या शरद सत्रापासून फी लावली. स्वीडनने २०११ मध्ये आणि फिनलंडने २०१७ मध्येच ती सुरू केली होती. फ्रान्समध्ये २०१९ पासून आपल्यासारख्यांसाठी वेगळा, वाढीव दर आहे, मात्र अनेक विद्यापीठं त्यातून सूट देतात. इटलीत सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते. तिथे खरंच स्वस्तात जमू शकतं, पण उत्पन्नाची कागदपत्रं भाषांतर आणि शिक्क्यांसह वेळेत द्यावी लागतात. ती दिली नाहीत तर सर्वांत वरचा दर लागतो.

जर्मनीतलं प्रत्येक सरकारी विद्यापीठ बिनफीचं मानणं

बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. हायडेलबर्ग, फ्रायबर्ग, ट्युबिंगेन, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, मानहाइम, उल्म ही ओळखीची नावं याच राज्यातली. चार सेमिस्टरचे ६००० युरो झाले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी कोर्सनुसार सेमिस्टरला ४००० किंवा ६००० युरो घ्यायला सुरुवात केली. आधी शिकून गेलेला सीनियर ‘मी काहीच भरलं नाही’ म्हणत असेल तर तो खरंच सांगतो आहे, फक्त त्याचे नियम तुम्हाला लागू नाहीत.

याहून फसवी गोष्ट कोर्सच्या प्रकारात असते. बॅचलर्सच्या पुढे सलग घेतला जाणारा मास्टर्स आणि नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीचा ‘वायटरबिल्डेंड’ मास्टर्स असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याला त्याच सरकारी विद्यापीठात फी असते, तीही हजारो युरो. एमबीए आणि मॅनेजमेंटचे बरेच कोर्स यात मोडतात. डीएएडी या जर्मन शिक्षण-देवाणघेवाण संस्थेच्या कोर्स शोधणाऱ्या साइटवर प्रत्येक कोर्सखाली सेमिस्टरच्या फीचा रकाना असतो. आधी तो बघा, मग विद्यापीठाच्या पानावर जाऊन पडताळा.

एजंटच्या यादीला शिफारस समजणं

‘फ्री काउन्सेलिंग’चे पैसे कुठून येतात, हे एकदा विचारावं. बहुतेक जर्मन सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, अनेक खासगी संस्था देतात. म्हणून सात नावांच्या यादीत पाच खासगी निघाली तर नवल नाही. खासगी म्हणजे वाईट असं नव्हे, पण वर्षाला दहा हजार युरोच्या पुढे फी भरायची असेल तर जर्मनी स्वस्त राहिलं कुठे? संस्था ‘श्टाटलिश आनएरकान्ट’, म्हणजे राज्याची मान्यता असलेली आहे का, आणि पदवी तिची स्वतःची आहे की दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची, हे पैसे भरण्याआधी तपासा. अनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये आपल्याकडच्या विद्यापीठांचाही दर्जा दिसतो. तिथे कॉलेजचं नाव शोधू नका, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं शोधा. नावापुढे ‘एच प्लस’ असेल तर संस्थेच्या मान्यतेचा प्रश्न सहसा येत नाही.

सीजीपीएचं गणित चुकवणं

सर्वांत जास्त अर्ज इथे आणि याच्या पुढच्या मुद्द्यावर वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

जर्मनीत १.० ही सर्वोत्तम ग्रेड आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या पट्टीवर आणायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा.

सीजीपीए ७.४ धरू, कमाल १०. विद्यापीठाचा किमान पास गुणांक ४ असेल तर १० वजा ७.४ म्हणजे २.६, भागिले ६, गुणिले ३, अधिक १: ग्रेड २.३. किमान पास गुणांक ५ असेल तर हेच उत्तर २.५६ येतं. कोर्सची अट ‘किमान २.५’ असेल तर त्याच ७.४ वर एक जण आत आणि दुसरा बाहेर. म्हणून किमान पास गुणांक अंदाजाने टाकू नका. तो ट्रान्सक्रिप्टच्या मागे छापलेला असतो. नसेल तर परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर लिहून घ्या, नाहीतर तपासणारा आपल्या सोयीचा आकडा धरतो आणि तो तुमच्या सोयीचा असेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे सीजीपीएची आधी टक्केवारी काढून ती सूत्रात भरणं. ७.४ चे विद्यापीठाच्या सूत्राने ६४ टक्के झाले, तर ४० टक्के पास धरूनही ग्रेड २.८ वर घसरते. मार्कशीट दहाच्या पट्टीवर असेल तर हिशोबही त्याच पट्टीवर करा.

पदवीचं नाव जुळतं म्हणून अर्ज करणं

जर्मन विद्यापीठ पदवीच्या नावापेक्षा तुम्ही कोणत्या विषयाचे किती क्रेडिट केलेत ते मोजतं. तिथली पट्टी इसीटीएसची. एका वर्षाचे ६०, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. चार वर्षांची बीई म्हणजे साधारण २४० इसीटीएस. आपल्याकडे तिचे १६० क्रेडिट असतील तर आपला एक क्रेडिट तिथे दीड धरता येतो.

समजा डेटा सायन्सच्या कोर्सला गणिताचे २४ आणि कॉम्प्युटर सायन्सचे ३० इसीटीएस हवेत. मेकॅनिकलच्या मुलाचे एम-१ ते एम-४ प्रत्येकी चार क्रेडिटचे असतील तर १६ गुणिले दीड, २४. गणित जमलं. पण प्रोग्रामिंगचा एकच विषय असेल तर दुसऱ्या रकान्यात ६ भरतात आणि अर्ज तिथेच संपतो. तुमचा आयईएलटीएस ८ असला तरी फरक पडत नाही. ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेट या मोजणीत बहुधा धरत नाहीत, कारण ती पदवीच्या मार्कशीटवर नसतात. अर्जाआधी एक तक्ता करा: डावीकडे कोर्सची अट, उजवीकडे तुमचे विषय, क्रेडिट आणि सिलॅबसचं पान. बरीच विद्यापीठं असा तक्ता मागतातच.

बीएस्सी, बीकॉम, बीसीए अशी तीन वर्षांची पदवी असेल तर अजून एक अडथळा आहे. तीन वर्षांचे १८० इसीटीएस होतात. तीन सेमिस्टरच्या, म्हणजे ९० इसीटीएसच्या मास्टर्सला सहसा आधीचे २१० लागतात. तुमच्यासाठी १२० इसीटीएसचे, चार सेमिस्टरचे कोर्स. तिथेही भारतातली तीन वर्षांची पदवी चालेल का, हे विभागाला ईमेल करून लेखी विचारा. फोनवरचा होकार अर्जात दाखवता येत नाही.

‘इंग्रजी’ म्हणजे पूर्ण इंग्रजी असं गृहीत धरणं

भाषेच्या रकान्यात ‘जर्मन, इंग्रजी’ असं दोन्ही असेल तर प्रवेशाला जर्मनचा बी-२ किंवा सी-१ हा वरचा स्तर लागण्याची शक्यता मोठी (भाषेचे स्तर ए-१ पासून वर चढत जातात). काही पूर्ण इंग्रजी कोर्सही पहिल्या वर्षात ए-१ किंवा ए-२ पूर्ण करायला सांगतात. ‘आमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं’ हे कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही. आयईएलटीएसला बहुधा ६.५ मागतात आणि निकाल दोन वर्षंच धरला जातो. जर्मन न शिकता पदवी मिळेल, पण पार्टटाइम काम आणि नंतरची नोकरी अवघड जाते. पुणे आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ए-१, ए-२ आधीच करून जाणं शहाणपणाचं.

तारखांचा क्रम उलटा लावणं

हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी, हे सगळ्यांना पाठ असतं. परदेशी अर्जदारांची मुदत मात्र अनेक ठिकाणी मार्च ते मे दरम्यानच संपते. शिवाय अर्जाआधी करायची कामं आहेत.

पहिलं काम एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठं अर्जासोबतच ते मागतात. मार्कशीटवरचं आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल (आईचं नाव, आडनाव आधी की नंतर, हे आपल्याकडे नेहमीचंच) तर ते आत्ताच निस्तरा.

दुसरं, यूनी-असिस्ट. बरीच विद्यापीठं या संस्थेमार्फत अर्ज घेतात. सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचेपर्यंत अर्ज तपासायला घेत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी ट्रान्सफर करून भागत नाही. काही विद्यापीठं यूनी-असिस्टकडून फक्त ‘व्हीपीडी’ नावाचा तपासणीचा कागद मागतात आणि अर्ज स्वतःच्या पोर्टलवर वेगळा घेतात. व्हीपीडी आली म्हणजे अर्ज झाला असं समजून बसलेले दरवर्षी सापडतात. व्हीपीडीला काही आठवडे लागतात, तेवढे मुदतीतून वजा करून तारीख लिहा.

फी वाचली म्हणून खर्च वाचला असं मानणं

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. त्यातून दरमहा ९९२ युरो तुम्हाला मिळतात. हा खर्च नव्हे, तुमचेच पैसे आहेत, पण ते निघण्याआधी उभे करायचे आहेत. स्वतःच्या पैशांतून पाठवत असाल तर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. आयकर विवरणात तो जुळवून घेता येतो, पण पाठवतानाच्या हिशोबात धरा. शैक्षणिक कर्जाच्या रकमेवर तो नाही.

९९२ युरो पुरतात का, हे शहर ठरवतं. म्युनिकमध्ये खोलीच सात-आठशे युरो खाऊ शकते. केम्निट्झ, माग्डेबुर्ग, कॉटबुस, इल्मेनाउ अशा शहरांत विद्यार्थी वसतिगृहाची खोली साधारण तीनशेच्या आसपास मिळते. दोन वर्षांत हा फरक बाडेन-वुर्टेमबर्गच्या फीपेक्षाही मोठा होतो. म्हणजे म्युनिकमधलं बिनफीचं विद्यापीठही फी असलेल्या छोट्या गावापेक्षा महाग पडू शकतं. क्रमवारी पाहून शहर निवडणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

वसतिगृहासाठी ती चालवणाऱ्या ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ या संस्थेकडे प्रवेशपत्र आल्याच्या दिवशी अर्ज करा, प्रतीक्षायादी लांब असते. खासगी खोली न बघता, करार न करता डिपॉझिट पाठवायला सांगणारा मालक बहुधा भामटा. आणि ‘आनमेल्डुंग होणार नाही’ असं सांगितलेली खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. पत्त्याची नोंद झाली नाही तर निवास परवाना आणि टॅक्स नंबर दोन्ही अडतात.

आरोग्यविम्यात होणारी चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा महिन्याला साधारण १४०-१५० युरोंना पडतो. स्वस्त म्हणून सुरुवातीला खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळतच नाही.

पार्टटाइम कामाला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे आणि किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. पण पहिल्या सेमिस्टरच्या हिशोबात हे पैसे धरू नका.

बारावीनंतर थेट बॅचलर्सला जाऊ पाहणं

नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश नाही. एकतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, नाहीतर भारतात पदवीचं एक वर्ष पूर्ण, नाहीतर ‘श्टुडिएनकोलेग’ हे तयारीचं वर्ष, जे बहुतेक जर्मनमधून असतं. सरकारी विद्यापीठात इंग्रजीतून बॅचलर्स मोजकेच. इथे पदवी करून मास्टर्सला जाणं बहुतेकांना सोपं आणि स्वस्त पडतं.

अडलंच तर

नकार आला तर पत्रातलं कारण वाचा. ‘विषयाचे क्रेडिट कमी’ असेल तर पुन्हा तिथेच अर्ज करून उपयोग नाही, जवळचा दुसरा कोर्स शोधा. ‘कागद अपुरे’ असेल आणि मुदत बाकी असेल तर लगेच पुरवा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला तर आतापर्यंतच्या मार्कशीटवर सशर्त प्रवेश मिळतो का आणि पदवी किती तारखेपर्यंत द्यायची, हे विभागाला विचारा. व्हिसासाठी वेळ कमी पडत असेल तर प्रवेश पुढच्या सत्रात नेता येतो का तेही विचारा. काही विद्यापीठं नेतात, काही नवा अर्ज मागतात. आणि व्हिसा नाकारला गेला तर जुन्या सल्ल्यातली ‘रिमॉन्स्ट्रेशन’ची, म्हणजे दूतावासाकडे फेरविचार मागण्याची, वाट आता नाही, १ जुलै २०२५ पासून ती बंद झाली. उरतात दोन पर्याय: त्रुटी भरून नव्याने अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. सत्र तोंडावर आलेलं असताना पहिलाच बरा.