बदकाची पिल्लं माणसाळवताना

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना-बोलताना दिसेल त्याच्या मागे बदकाचं पिल्लू लागतं. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कॉनरॅड लॉरेंझ यांनी १९३५ साली हे सविस्तर मांडलं. त्यांचं काम हंसांच्या पिल्लांवरचं म्हणून जास्त प्रसिद्ध आहे. पुढे १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांनी बदकांच्या पिल्लांवर प्रयोग केले, तेव्हा ही ओढ सर्वांत घट्ट बसते ती जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या आसपास, असं दिसलं.

विकत आणलेलं पिल्लू बहुतेकदा एक-दोन दिवसांचं असतं, म्हणजे ती वेळ टळून गेलेली असते. याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट ते बरंच आहे. एकट्या वाढलेल्या आणि माणसालाच आई समजणाऱ्या पिल्लाला आपण बदक आहोत हे धड कळत नाही. नर असेल तर वयात आल्यावर तो माणसाच्या पायांना आणि हातांना मादी समजून वागतो, चावे घेतो. आपल्याला हवं आहे ते बदकांत बदक म्हणून राहणारं आणि तरीही हाकेला धावत येणारं पिल्लू. ते खाऊ, आवाज आणि रोजच्या सवयीतून घडतं. म्हणून पिल्लू एकटं आणू नका. निदान दोन, शक्यतो तीन-चार आणा.

जातींचा स्वभाव वेगवेगळा असतो. खाकी कॅम्पबेल अंड्यांसाठी उत्तम, पण बुजरी. इंडियन रनर त्याहून चपळ आणि लगेच दचकणारी. पांढरं पेकिन अंगानं जड आणि शांत, पहिल्यांदा पाळणाऱ्याला तेच सोपं जातं. हळदी-कुंकू किंवा अडई ही आपल्याकडच्या तळ्यांवरची रानबदकं आहेत. त्यांची पिल्लं उचलून घरी आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. एकटं पडलेलं पिल्लू दिसलं तर वनविभागाला कळवा.

पिल्लं येण्याआधी ऊब तयार ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत जा. पाच-सहा पिल्लांना ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब दीड फुटावर टांगला तर बहुधा पुरतो, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. एकमेकांवर चढून बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कोपऱ्यात पळाली तर गरम होतं आहे. निवांत पसरून झोपली की ठीक. बल्ब एका टोकाला ठेवा, म्हणजे हवं तिथे सरकायला जागा राहते. विदर्भात मे महिन्यात दुपारी बल्ब लागतच नाही, तिथे सावली आणि वारा बघावा लागतो.

पुठ्ठ्याचं खोकं दोन दिवसांत भिजून फाटतं, त्यापेक्षा प्लास्टिकचा मोठा क्रेट घ्या. शक्य असेल तर एका बाजूनं उघडणारा घ्या, कारण पिल्लं माणसाळण्यात या दाराचा मोठा वाटा आहे. वरून झडप घालते ती घार. वरून खाली येणारा हातही पिल्लाला तसाच वाटतो. बाजूनं, जमिनीलगत, तळवा वर करून आलेला हात त्याला लवकर पटतो.

खाली वर्तमानपत्र घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते तसेच राहू शकतात. पहिले दोन-तीन दिवस गोणपाट, नंतर त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा घाला. पिल्लं पाणी प्रचंड सांडतात, म्हणून पाण्याचं भांडं जाळी लावलेल्या ताटावर ठेवा. तूस ओलं राहिलं की बुरशी आलीच.

भांड्याचं पाणी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं, पण पिल्लू आत उतरू शकेल इतकं पसरट नको. नाकडोळे धुता आले नाहीत तर ते चिकटतात. खाणं आणि पाणी कायम बरोबर ठेवा. कोरडं खाणं घशात अडकून पिल्लू गुदमरू शकतं.

खाण्यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य तसंच्या तसं देणं. बदकाच्या पिल्लाला दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-३ लागतं. कोंबडीच्या खाद्यात ते बरेचदा कमी पडतं आणि पिल्लाच्या पायाचा मधला सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, ते बसूनच राहतं. एक किलो खाद्यात ५० ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते) मिसळा. पावासाठीचं यीस्ट चालत नाही. खाद्य औषध न घातलेलं मागा. पहिले दोन-तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनं, नंतर १६ ते १८ टक्के पुरे. पुढेही जास्त प्रथिनं आणि भरमसाट खाणं चालू ठेवलं तर पंखाचं टोक बाहेर वळू शकतं.

दुसरी चूक जीवघेणी आहे. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची जुनी पेंड. तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन विषाला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात, कोंबड्यांच्या कितीतरी आधी. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका. कुबट वास आला तर सगळं टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. वाळवल्यानं विष जात नाही.

आता हाताची सवय. पहिल्या दिवशी पिल्लांना फक्त ऊब आणि विश्रांती द्या. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात टेकवून पाणी दाखवा, बाकी काही करू नका. दुसऱ्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं क्रेटजवळ जमिनीवर बसा. खाणं ठेवण्याआधी दर वेळी एकच हाक मारा. कोणतीही चालेल, पण घरातल्या सगळ्यांची तीच हवी. मग हात आत ठेवा आणि हलवू नका. पिल्लं बोटांना चोची मारून बघतील, मारू द्या. हात पटकन ओढलात तर तीच बिचकतील.

हात ओळखीचा झाला की तळव्यावर ओलसर भरडा ठेवा. याहूनही लवकर काम करते ती पाण्यातली पालेभाजी. पसरट थाळीत बोटभर पाणी घ्या, कोथिंबीर किंवा लेट्यूस अगदी बारीक चिरून त्यात सोडा आणि आपली बोटंही त्यातच ठेवा. पिल्लं पाण्यातून पानं वेचण्यात इतकी रमतात की हाताची भीती विसरतात. हिरवा पाला सुरू केलात की चिमूटभर बारीक स्वच्छ वाळूही वेगळ्या वाटीत ठेवा, पचनाला लागते. पाव, खारवलेलं काही, कांदा देऊ नका.

चार-पाच दिवसांनी मांडी घालून बसा आणि खाणं मांडीवर ठेवा. पिल्लू स्वतः चढलं पाहिजे. स्पर्श करायचा तो आधी छातीखाली, डोक्यावर किंवा पाठीवर नाही. उचलताना दोन्ही हात खालून घाला, पाय तळव्यावर टेकलेले ठेवा आणि पंख अंगाशी. पाय, मान किंवा पंख धरून कधीही उचलू नका. बदकाचे पाय नाजूक असतात. पहिल्यांदा अर्धा मिनिट पुरे. पिल्लू धडपडत असताना सोडलंत तर धडपडलं की सुटका होते हे ते शिकतं, म्हणून क्षणभर शांत झालं की मगच पाय जमिनीला टेकवून सोडा. पाठलाग करून एकदा जरी पकडलंत तरी बरेच दिवसांची मेहनत वाया जाते. लहान मुलांना उभं राहून नाही, बसूनच खेळू द्या.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मांडीवर बसणारं पिल्लू अचानक पळू लागतं. पिसं फुटत असतात, अंग भराभर वाढत असतं, भीतीही वाढते. बहुतेक जण इथेच कंटाळून सोडून देतात. तुमच्या बसण्याच्या वेळा मोडू नका, उचलणं कमी करा, हातावरचं खाणं चालू ठेवा. यातून बाहेर आलेलं बदक नंतर क्वचितच बुजतं. या काळात संध्याकाळी खुराड्यात घालायला हातात दोन लांब काठ्या आडव्या धरून मागून सावकाश चाला. बदकं कळपानं पुढे सरकतात. आत पोचली की लगेच खाणं द्या. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी हवी, मुंगूस आणि घूस मोठ्या जाळीतून येतात.

पोहण्याची घाई करू नका. आईबरोबर वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगाला तिच्या पिसांचं तेल लागतं, आपल्याकडच्या पिल्लाला ते मिळत नाही. ते भिजतं आणि गारठून मरू शकतं. पहिला आठवडा उलटल्यावर कोमट, पाय टेकतील इतक्याच पाण्यात काही मिनिटं, तुमच्यासमोर. चढून यायला विटेची पायरी ठेवा आणि नंतर बल्बखाली कोरडं होऊ द्या. सगळी पिसं येतात सात-आठ आठवड्यांनी, तेव्हा मोकळं पोहू द्या. त्याच सुमारास डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगावरच्या लशीबद्दल पशुवैद्यकाशी बोला. पिल्लांना हाताळल्यावर साबणानं हात धुवा, त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लांचा मुका घेऊ देऊ नका.

नर-मादी आवाजावरून कळतात, साधारण सहा-आठ आठवड्यांत. मोठ्यानं ‘क्वॅक’ करते ती मादी, नराचा आवाज घोगरा. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस येतं. मस्कोव्ही जातीची बदकं याला अपवाद, तिथे नर-मादी दोघंही फारसा आवाज करत नाहीत. एका नराला चार-पाच माद्या ठेवा, नाहीतर तो माद्यांना किंवा तुमच्या पायांना छळतो. नर चावू लागला तर मारू नका आणि पळूही नका. त्याला पंखांसकट कवेत घेऊन शांत होईपर्यंत धरा, मग खाली ठेवा. त्या दिवशी हातावरचं खाणं माद्यांना आधी द्या.