पेशवाईतली प्रेमकथा स्वतःच छापताय? या चुका टाळा

माझी पहिली कादंबरी छापून आली त्याच आठवड्यात सदाशिव पेठेतून एका आजोबांचा फोन आला. ओळख नाही, नमस्कार नाही, थेट मुद्दा. “बाई, पान १११ वर टिपूर चांदणं पडलंय. पान १०९ वर तिथी काय दिलीय बघा.” मी पुस्तक उघडलं. माघ वद्य चतुर्दशी. “महाशिवरात्र आहे ती,” आजोबा म्हणाले. “चंद्र काय भाड्याने आणलात?”

मग त्यांनी शांतपणे आणखी अकरा चुका वाचून दाखवल्या. चार इतिहासाच्या, सात छपाईच्या. अभ्यासाला मी तीन वर्षं दिली होती आणि पुस्तक तयार करायला जेमतेम पंधरा दिवस, आणि ते तसंच दिसत होतं. गंमत म्हणजे लढाया, सनावळ्या, कारभाऱ्यांची नावं सगळं चोख होतं. माती खाल्ली ती चंद्र, चहा आणि जोडाक्षरांत. पुढे या वाटेने जाणाऱ्या बऱ्याच जणांची हस्तलिखितं वाचली, तेव्हा कळलं की घसरायच्या जागा सगळ्यांच्या साधारण त्याच असतात.

दोघं भेटणार कुठे?

पहिल्या खर्ड्यात माझे नायक-नायिका संध्याकाळी मुठेच्या काठी निवांत गप्पा मारत बसायचे. साल १७६८, नायिका सुखवस्तू घरातली. पेशवाईत पुण्यातल्या जोडप्यांचा लाडका झेड ब्रिज नव्हता, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

वाडा म्हणजे माणसांनी गजबजलेली जागा. ओसरीवर पाहुणे, चौकात कुणी धान्य निवडतंय, माजघरात आत्या जपमाळ घेऊन, देवडीवर पहारेकरी. तिथे नवरा-बायकोला दिवसाउजेडी चार शब्द बोलायची चोरी, मग परक्यांचं काय घेऊन बसलात! लेखक इथे अडला की पाऊस आणि पडकं देऊळ काढतो. त्यापेक्षा त्या काळात माणसाला दुसऱ्याच्या दारात जायला कोणकोणती कारणं होती, त्यांची वहीत नोंद करा.

विस्तवाचंच घ्या. घासून पेटणारी काडी विलायतेतच १८२७ मध्ये विकायला आली. तोवर निखारा राखेखाली जपायचा आणि विझला तर चकमक झाडायची, नाहीतर शेजारून विस्तव मागून आणायचा. गोवरीच्या तुकड्यावर निखारा, वाऱ्याने विझू नये म्हणून पदराचा आडोसा, मधूनमधून फुंकर. आता तो निखारा देणारा हात कुणाचा, एवढं ठरवा. दुसऱ्यांदा चूल विझली की सासू भुवया उंचावते. तिसऱ्यांदा वाचकाला कळतं की चूल विझत नाहीये, विझवली जातेय. प्रकरण झालं की तयार.

किंवा कासार. परक्या पुरुषाने बाईच्या हाताला स्पर्श करायचं नाव नको, पण बांगड्या भरायच्या तर हात कासाराच्या हाती द्यावाच लागणार. मी नायकाला फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतला कारकून केलं होतं, कारण कारकून जरा घरंदाज वाटला. चौथ्या खर्ड्यात त्याला कासार केलं. बोटं जुळवून हात मऊ करणं, घट्ट काकण मुठीवरून सरकताना तिने डोळे मिटणं, आणि भोवती सात बायका गप्पा छाटत बसलेल्या. त्या प्रसंगात दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. वाचक मात्र अजून त्याच पानाबद्दल विचारतात.

‘प्रिये’ नको आणि ‘राघव, थांब!’सुद्धा नको

माझ्या नायिकेने पहिल्याच पानावर नवऱ्याला नावाने हाक मारली होती. ज्या समाजात नवऱ्याचं नाव घ्यायला उखाण्याची पळवाट काढावी लागली, तिथे ही हाक म्हणजे बॉम्बच. जुन्या घरांत चालायचं ते ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारीची मर्जी दिसत नाही’ असलं कर्ता गाळलेलं बोलणं. आपल्याला ते दडपलेलं वाटतं, पण प्रेमकथेला यासारखं हत्यार नाही. अख्खी कादंबरी ‘इकडून’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून एकदाच, तापात, नाव निसटू द्या.

दुसरं टोक मालिकांच्या भाषेचं: ‘प्रिये, तुझ्याविना हे जीवन व्यर्थ आहे.’ पेशवाईतल्या शृंगाराची बोली ऐकायची असेल तर राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या लावण्या मोठ्याने वाचा. तिथे जीव जडतो, मन बसतं, अंगाची लाही होते. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असं कुणी निवेदन देत नाही.

फारसी शब्द वेचून काढणं हीदेखील चूकच. पेशव्यांचा पत्रव्यवहार रवाना, दाखल, हुजूर, मजकूर, तजवीज अशा शब्दांनी भरलेला आहे. मी ते शुद्धीच्या भरात काढले आणि कारकुनाच्या पत्राला वर ‘दिनांक’ घातला. हा शब्द सावरकरांनी रुजवलेला, म्हणजे विसाव्या शतकातला. आजोबांनी यावर अर्धा तास घेतला. तेव्हापासून मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा ठेवूनच संवाद लिहिते. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली १८५७ ची, आणि नेटवर फुकट शोधता येते. शब्द तिथे सापडला नाही तर पात्राच्या तोंडी घालण्याआधी थांबते.

पंचांग, घड्याळ आणि तुळशीबाग

हे भराभर सांगते. शकात ७८ मिळवला की इसवी सन येतो, पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. पानिपत शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. इसवी सन १४ जानेवारी १७६१. अष्टमी, म्हणजे त्या रात्री अर्धा चंद्र आणि तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार. पळून जाणारा तुमचा जखमी नायक उत्तररात्री अंधारात ठेचकाळला पाहिजे. प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात तिथी लिहा, चंद्र आपोआप ताळ्यावर येतो.

‘पाच मिनिटांत आले’ असं कुणी म्हणणार नाही. घटिका २४ मिनिटांची, दिवसरात्र मिळून साठ. प्रहर तीन तासांचा. पाहुण्यांना चहा देऊ नका. नायिकेला १७६८ मध्ये तुळशीबागेत खरेदीला पाठवू नका, तिथे राममंदिराचं बांधकाम चालू होतं; ते १७६१ ला सुरू होऊन १७९५ पर्यंत रेंगाळलं. विश्रामबागवाडा तर दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकातला. शनिवारवाड्याची आतली दालनं १८२८ च्या आगीत गेली, म्हणून आज दिसणाऱ्या जोत्यांवरून शयनगृहं रंगवू नका. इतिहासकार सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आहेत, त्यांतून खरेदीच्या आणि खर्चाच्या बारीकसारीक नोंदी वेचा. १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. मोडी येत नसेल तर छापील साधनांवरही चार कादंबऱ्या निघतात.

वयाबद्दल मात्र आडपडदा नको. तेव्हा मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत. ‘काळच तसा होता’ म्हणत त्या वयाच्या मुलीला प्रेमकथेची नायिका करणं मला मान्य नाही, आणि गरजही नाही. कित्येक जातींत बाई पाट लावून दुसरा संसार मांडू शकत होती. माझी नायिका चोवीस वर्षांची आहे, पहिला नवरा पानिपतावरून परतलेला नाही, आणि तो मेला की हरवला हे कुणालाच ठाऊक नाही. अडथळा हवाच होता, तो इतिहासानेच पुरवला.

खऱ्या पेशव्यांना नायक करायचा मोह सोडा. पहिल्या पुस्तकाला वंशज, अभ्यासक आणि चाहते अशा तिघांशी एकदम लढायची ताकद नसते. फडावरच्या पगारपत्रकातला कुणीही निनावी माणूस घ्या, पेशवे दूरून पालखीत दिसू द्या.

चेहऱ्यावरचा ऱ्य

आता त्या सात चुका. सगळ्यात लाजिरवाणी ही.

डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी, करणाऱ्याने माझा युनिकोड मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. ते करताना प्रत्येक ऱ्य फुटला आणि त्याजागी र्य आला. प्रेमकथेत ऱ्य किती वेळा येतो याची कल्पना आहे? चेहऱ्यावर, वाऱ्याने, कोपऱ्यात, पायऱ्यांवर, गोऱ्या, दुसऱ्या. माझी नायिका २२४ पानं ‘चेहर्यावर’ लाजत होती. आणि प्रुफं? ती मी बारकाईने तपासली होती, पण फॉन्ट बदलण्याआधी!

म्हणून शेवटचं प्रूफ छापायला जाणाऱ्या पीडीएफचंच बघा, आणि कागदावर छापून बघा. वरचे सहा शब्द एकेक करून शोधा. शक्य असेल तर युनिकोडवरच काम करणारा डीटीपीवाला निवडा. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं सैरावैरा पळतात. मजकुराची भाषा हिंदी ठेवली तर काही फॉन्टांत श आणि ल हिंदी वळणाचे उमटतात. पुण्यातला वाचक तेही पकडतो.

मुखपृष्ठावर आमच्या चित्रकाराने नायिकेचं तोंड दुसऱ्या बाजूला हवं म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं. नथ डावीकडची उजव्या नाकपुडीत गेली. मला दिसलं नाही, त्यालाही नाही. सासूबाईंनी पहिली प्रत हातात घेतली आणि म्हणाल्या, “अगं, हिची नथ का गं अशी?” तोवर पाचशे मुखपृष्ठं लॅमिनेट होऊन आली होती. शिवाय नेटवरचं चित्र उचलू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. कालच्या फोटोग्राफरने काढलेला नऊवारीतला फोटो नाही.

पैसे, पानं, खोकी

मी आधी एका ‘पॅकेज’ला भुलले होते. छपाई, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), प्रसिद्धी, सगळं एकरकमी. कराराच्या तिसऱ्या पानावर भाषांतर आणि चित्रपटासह सगळे हक्क त्यांच्याकडे जात होते. सही करण्याआधी वकील मैत्रिणीने वाचलं म्हणून वाचले. आयएसबीएनसाठी तर पैसे मोजायचेच नसतात. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो आणि तो फुकट मिळतो. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर कागदोपत्री प्रकाशक तो. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक लागतात.

पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. २२४ पानं म्हणजे बरोबर चौदा फर्मे. मजकूर २२६ पानांवर गेला तर दोन पानांसाठी नवा फर्मा किंवा निदान अर्धा लागतो, आणि मागे कोरी पानं राहतात. तेव्हा दोन परिच्छेद कापा. सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) पिवळसर मॅपलिथो कागद कादंबरीला पुरतो.

किंमत ठरवताना आधी विक्रेत्याचा वाटा काढा. समजा प्रतीला छपाई ११० रुपये आणि किंमत २५० ठेवली. वितरकाने ४५ टक्के मागितले तर हातात १३७ रुपये ५० पैसे. छपाई जाऊन साडेसत्तावीस. त्यातून टेम्पो, भेट प्रती आणि न विकलेली खोकी. हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते, हे मुद्रक खरंच सांगतो. त्या ठेवणार कुठे, हे तो विचारत नाही. माझी खोकी पलंगाखाली होती आणि जुलैत खालच्या थराला बुरशी आली. आधी तीनशे छापा. नवलेखक असाल तर पैसे घालण्यापूर्वी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघून घ्या.

ई-पुस्तक किंडलवर टाकताना केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या ‘फक्त आमच्याकडेच’ योजनेच्या चौकोनावर घाईत टिचकी मारली तर ९० दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. पहिली पाच प्रकरणं तुम्ही आधीच एखाद्या कथांच्या ॲपवर टाकली असतील तर तीसुद्धा काढावी लागतात. मुदत संपली की ती आपोआप पुन्हा सुरू होते, म्हणून नको असेल तर ती खूण मुद्दाम काढायची.

आणि स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्याने एक काम तुमच्या गळ्यात पडतं, जे मला पॅकेजवाल्यानेही सांगितलं नव्हतं आणि मुद्रकानेही. प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची. मी पाठवल्या, उशिरा, उलट्या नथीसकट.