सिरपूरवर दिसलेला पक्षी गटावर कसा टाकावा आणि त्याचं नाव कसं ठरवावं

इंदूरच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटावर हिवाळ्यात हमखास येणारा मेसेज: "सिरपूरला ठिपकेवाली तुतारी!" (तुतारी म्हणजे चिखलात चरणारा छोटा पाणपक्षी.) खाली अंधुक फोटो, पक्षी पाठमोरा, पाय गवतात. मग दिवसभर दोन तट, आणि निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. हे टाळायचं तर नाव सगळ्यात शेवटी लिहावं. आधी दिसलं काय, ते लिहावं.

ठिकाण लिहिताना नुसतं सिरपूर किंवा यशवंत सागर पुरत नाही, तलावाची कुठली बाजू तेही हवं. दोन्ही पाणथळी २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) आहेत, तिथल्या नोंदी पुढे कुणीतरी वापरणार हे धरूनच लिहावं. मग वेळ, संख्या, ऊन कुठून येत होतं, पक्षी काय करत होता, कोणत्या खुणा दिसल्या आणि कोणत्या दिसल्या नाहीत. हे शेवटचं बहुतेकजण गाळतात, आणि नाव ठरवताना नेमकं तेच लागतं. मेसेज साधारण असा:

"सिरपूर, दक्षिण काठ, सकाळी ७:१०, ऊन पाठीशी. चिखलात एकटी तुतारी. भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत स्पष्ट. पाठीवर मोठे फिकट ठिपके. पाय चिखलाने भरलेले, रंग कळला नाही. उडताना पाहिली नाही. माझ्या मते ठिपकेवाली (वूड सँडपायपर)."

मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात, म्हणून कंसात इंग्रजी नाव द्यावंच.

आता तुताऱ्यांचंच घेऊ, कारण निम्मे वाद त्यांच्यावर होतात. ठिपकेवालीची भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, डोळ्याच्या मागे लांब जाते. हिरव्या तुतारीची (ग्रीन सँडपायपर) डोळ्याशीच संपते, मागे फक्त डोळ्याभोवतीचं पांढरं कडं. हिरवीची पाठ गडद, ठिपके बारीक, लांबून तर दिसतही नाहीत, आणि गडद छाती व पांढरं पोट यांची सीमा कापल्यासारखी. ठिपकेवालीत ती सीमा विरत जाते. उडताना कंबर (शेपटीच्या लगेच वरचा भाग) पांढरी दिसली, एवढ्यावर काहीच ठरत नाही, ती दोघींनाही असते. पाहायचा तो पंखाचा खालचा भाग: हिरवीचा काळपट, ठिपकेवालीचा फिकट. म्हणून पक्षी उडायच्या बेतात दिसला की कॅमेरा सलग फोटोंवर ठेवावा. पंख वर गेलेली एक चौकट, धूसर असली तरी, बसलेल्या पक्ष्याच्या दहा सुबक फोटोंपेक्षा जास्त सांगते. तिसरी, साधी तुतारी (कॉमन सँडपायपर), खरं तर गोंधळात पडायला नको: खांद्यापुढे पांढरी पाचर, शेपूट सतत वरखाली, कंबर तपकिरी, आणि पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत उडणं. पायांच्या रंगावर मात्र कुणीही विसंबू नये. चिखल वाळला की सगळे पाय करडे.

बगळ्यांत लोक चोचीचा रंग पाहतात आणि फसतात. मोठ्या आणि मध्यम बगळ्याची चोच हिवाळ्यात पिवळी, विणीच्या दिवसांत काळी होते. कायम टिकणारी खूण म्हणजे तोंडाची चीर. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. त्यासाठी डोकं बाजूने, जमेल तितकं मोठं हवं. पूर्ण पक्ष्याचा सुंदर फोटो इथे उपयोगाचा नाही. छोट्या बगळ्याची चोच बाराही महिने काळी, बोटं पिवळी, पण तीही चिखलात लपतात. गाय बगळा आखूड चोच आणि फुगीर हनुवटीवरून सुटतो.

बदकांसाठी ऑक्टोबर वाईट. नर अजून मादीसारख्या फिक्या पिसाऱ्यात असतात, त्यामुळे "सगळ्या माद्याच आल्या" असे मेसेज सुरू होतात. तेव्हा रंग सोडून चोच आणि पंखाचा पट्टा पाहावा. गडवालच्या पंखावर चौकोनी पांढरा ठिपका आणि चोचीच्या कडा नारिंगी, तलवार बदकाची (पिनटेल) मान बारीक आणि चोच करडी, थापट्याची (शॉव्हलर) चमच्यासारखी रुंद चोच तर सांगायलाच नको. चक्रांग (कॉमन टील) मादीच्या शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असते. भुवई बदकाच्या (गार्गनी) मादीचा चेहरा पट्टेदार, चोचीच्या मुळाशी फिकट डाग.

वटवट्यांबद्दल (झुडपांतले छोटे किडे खाणारे पक्षी, वॉर्बलर) थोडक्यात: पाय काळे आणि पंखावर पट्टा नाही, तर चिफचॅफचा विचार करा. झुडपात गप्प बसलेला तपकिरी वटवट्या आवाज ऐकल्याशिवाय सोडून द्यावा.

आवाज मोबाइलवर जरूर रेकॉर्ड करावा, मर्लिनलाही (पक्षी ओळखून देणारं ॲप) विचारावं, पण ते सुचवतं, सिद्ध करत नाही. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. ॲप शिक्रा म्हणालं आणि झाडावर कोतवाल बसलेला असेल तर शिक्रा यादीत टाकू नये. पक्ष्याला बाहेर काढायला त्याचाच आवाज वाजवू नये, विणीच्या काळात तर नाहीच.

फोटोचे रंग फिल्टरने उजळू नयेत. भुवई आणि चोच यांचे फिके भाग त्यात खोटे होतात. फोटो कापावा, पण मूळही सोबत द्यावा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी लहानमोठा भासतो, तेव्हा आकारावर वाद घालणं व्यर्थ.

गटावर दुरुस्ती करताना "चूक आहे" न लिहिता "काका, पंखाखालचा फोटो आहे का?" असं विचारावं. उलट, काका तीस वर्षं पाहताहेत म्हणून खुणेशिवाय त्यांचं नाव मान्य करू नये. बरेच काका हे स्वतःच सांगतात.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) यादी भरताना ठरलं नसेल तर जोडनाव (दोन संभाव्य प्रजाती एकत्र) किंवा "प्रजाती अनिश्चित" हा पर्याय निवडावा. संख्येच्या जागी एक्स (दिसला, पण मोजला नाही) टाकण्यापेक्षा अंदाज बरा: वारकऱ्यांच्या (कूट) थव्यात दहांचा एक गट डोळ्याने मोजायचा आणि तसे किती बसतात ते पाहायचं. सिरपूर आणि यशवंत सागरची यादी एकत्र करू नये. दोन ठिकाणं, दोन याद्या. दिसलेलं आणि ऐकलेलं, ओळखता आलेलं सगळं लिहिलं असेल तरच यादी पूर्ण म्हणून नोंदवावी.

घरट्याची जागा मात्र गटावर टाकू नये. यशवंत सागरच्या परिसरात सारस पावसाळ्यात वीण करतो, आणि एका पिनवर पन्नास गाड्या येऊ शकतात. तारीख आणि तालुका पुरे. ईबर्डच्या समीक्षकाने नोंदीबद्दल विचारलं तर आपण पाहून लिहिलेल्या खुणा जशाच्या तशा पाठवाव्यात. त्या नसतील तर नाव मागे घेऊन "तुतारी, अनिश्चित" करावं. यादीतली नोंद नंतरही बदलता येते.