अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा अर्ज फिजिक्सवर अडला तेव्हा

"मालिश शिकाले अमेरिकेत जातं का बे?" मामांनी विचारलंच. आमच्या दारव्ह्याकडे ट्रेनर म्हणजे जिमवाला. तिकडे मात्र अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा आरोग्य व्यावसायिक. सीएएटीई या कोर्स तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेची मान्यता असलेला कोर्स करायचा, मग बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा. नव्यांना ही वाट आता मास्टर्समधूनच आहे.

माझं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेलं, त्यामुळे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजीची चिंता नव्हती. अडलं फिजिक्स-केमिस्ट्रीवर. हे विषय कॉलेज पातळीचे हवेत, बारावीचे चालणार नाहीत, असं विद्यापीठांकडून उत्तर आलं. मग प्रत्येक विद्यापीठाला सिलॅबस जोडून वेगळा ईमेल केला. एकाने बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीच्या जागी धरली, दुसऱ्याने सरळ नाही म्हटलं. फिजिक्ससाठी अमेरिकन कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन क्रेडिट कोर्स केला. ऑनलाइन लॅब चालते का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. फी काही थोडीथोडकी नाही. आपल्या गुणपत्रिकेवर वर्षवार गुण असतात, क्रेडिट नसतात. म्हणून गुणपत्रिकेचं अमेरिकन पद्धतीत मूल्यांकन विषयवारच करून घ्यावं लागलं.

निरीक्षणाचे तास, म्हणजे अर्जासाठी ट्रेनरचं काम जवळून पाहण्यात घालवायचे तास, हा आणखी एक गुंता. बीओसीवाला ट्रेनर यवतमाळात कुठून आणायचा? फिजिओथेरपिस्टच्या हाताखालचे तास चालतील का, असं विचारलं. काहींनी मान्य केलं. ते तास मी कबड्डीच्या सामन्यांत भरले: टेपिंग, बर्फ, मुरगळलेले घोटे. सही-शिक्क्याची नोंद त्याच दिवशी घेत गेलो, कारण सामने संपले की सर भेटत नाहीत.